दीपेशचा हिरवा आकडा

दीपेशचा आकडा हिरवा होता आणि परेशचा लाल. डहाणूच्या आपल्या घराच्या पडवीत लॅपटॉप उघडून परेश रोज सकाळी हे बघत होता आणि रोज सकाळचा चहा त्याला कडू लागत होता.

दीपेश शेजारचा. मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. पुण्याच्या कंपनीत त्याला चिकटवलं तेही परेशनेच, "घरबसल्या काम आहे, येऊन जा" असं सांगून. आणि आता टीम लीडच्या जागेसाठी परेशच्या नावाशेजारी त्याच दीपेशचं नाव होतं! वसुमती मॅडम शुक्रवारी निकाल सांगणार होत्या. परेशने तर कोसबाडला सासऱ्यांना "या वेळी माझंच नक्की" असं आधीच सांगून टाकलं होतं. सासरे शब्दाचे पक्के, म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या शब्दाबाबत.

कंपनीचे प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवर कंटेनरमध्ये चालत. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र भरलेली पेटी. प्रत्येक पेटीसाठी सर्व्हरवर थोडी मेमरी राखून ठेवायची आणि त्यातली खरोखर किती वापरली जाते, याचे टक्के डॅशबोर्डवर दिसत. ते टक्के काढणारा कोड परेशचाच. वापर भागिले राखीव, गुणिले शंभर. नुसता आकडा बोडका दिसतो म्हणून हौसेने रंगही त्यानेच घातले होते. पन्नासच्या खाली हिरवा, ऐंशीच्या वर लाल, मधला पिवळा. आता त्याच कोडने परेशच्या नावापुढे अठ्ठ्याऐंशी लालभडक दाखवावेत आणि दीपेशच्या पुढे छत्तीस हिरवेगार! पोटचं पोर शेजाऱ्याला जाऊन मिळावं, तसं त्याला झालं.

"छत्तीस बघ त्याचे," तो बायकोला, पूर्वीला म्हणाला.

"छत्तीस म्हणजे काय?" शाळेत शिकवायला निघालेल्या पूर्वीने विचारलं.

"म्हणजे चौसष्ट टक्के जागा मोकळी. निवांत चाललंय त्याचं."

"मग माझ्या पप्पांनी पण चिकूच्या अर्ध्या रिकाम्या करंड्या मार्केटला पाठवल्या, तर लोक शाबासकी देतील?"

"पूर्वी, हे चिकू नाहीत."

"ते दिसतंय. चिकूवरून एवढं कोणी जळत नाही," असं म्हणून तिने स्कूटीची चावी उचलली.

परेशने विचार केला. वापर कमी करायचा तर सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहायला हवा. राखीव जागा वाढवायची तर एक ओळ बदलली की झालं. त्याने आपल्या कंटेनरांची मेमरी चौपट मागून घेतली. अठ्ठ्याऐंशीचे बावीस झाले. हिरवे! परेशने स्वतःच उठून दुसरा चहा केला आणि तो गोड लागला.

"काय परेशभाई, आज एकदम हिरवागार!" कुंपणावरून दीपेशचं डोकं आलं.

"थोडी मेहनत घेतली कोडवर."

"हां, हां. मेहनत तर पाहिजेच ने," दीपेश म्हणाला आणि लगबगीने आत गेला. ती लगबग परेशला आवडली नाही.

जेवताना त्याने मोबाइलवर डॅशबोर्ड उघडला. दीपेश अठरा. परेशने आमटीचा हात धुतला आणि राखीव जागा आणखी दुप्पट केली. अकरा. पान आटपून बघतो तर दीपेश नऊ! परेशने पुन्हा दुप्पट मागितली, तेव्हा सर्व्हरने हात वर केले. जागाच शिल्लक नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. तलासरीकडच्या झरीहून काम करणारी, टीममध्ये नुकतीच आलेली श्रुतिका होती.

"परेशदादा, माझा नवीन कंटेनर चालूच होत नाही. सर्व्हर बोलतो, जागा नाही."

"असं कसं? एवढा मोठा सर्व्हर आहे."

"तेच ना. कोणीतरी अडवून बसलंय वाटतं."

"दीपेशला विचार."

"विचारलं. तो बोलला, परेशभाईला विचार."

परेशने खाकरून घेतलं. "हे बघ, शिकण्याची वेळ आहे तुझी. आहे तेवढ्यात भागव."

बिचारीने भागवलं. उरलेल्या कोपऱ्यात मावेल एवढा प्रोग्रॅम आवळला आणि आकडा आला चौऱ्याण्णव, लालभडक. परेशला तिची खरोखर कीव आली.

शुक्रवारी मॅडम स्क्रीनवर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच.

"परेश, या आठवड्यापर्यंत तुझंच नाव पक्कं होतं. अठ्ठ्याऐंशी टक्के! राखलेली जागा पुरेपूर कामाला लावलेली, आणि एकदाही बंद पडलं नाही. दीपेशला मी सांगणारच होते, जरा परेशकडून शीक. तर तूच त्याच्याकडून शिकलास?"

"पण मॅडम, माझा आकडा लाल होता..."

"रंग तूच दिलेस ना? मला वाटलं, ज्याचं चांगलं चाललंय ते ठळक दिसावं म्हणून लाल केलंस."

लीड झाली ती चौऱ्याण्णववाली श्रुतिका.

"थँक्यू मॅडम," ती म्हणाली. "दादा, आधी ते रंग उलटे करा हं. आणि मग दोघंही जागा सोडा."

मीटिंग संपली आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन चेहरे उभे राहिले.

"झरीला नेटवर्क तरी धड येतं काय?" दीपेश म्हणाला.

"नशीब लागतं," परेश म्हणाला. दोघांचं इतकं एकमत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

संध्याकाळी पूर्वी फोन घेऊन पडवीत आली. "पप्पा आहेत. विचारतायत, पेढे कधी?"

"सांग, मीटिंगमध्ये आहे."

परेशने जड हातांनी रंग उलटे केले. हौस मात्र सुटली नव्हती, म्हणून आकडा जितका खाली तितका लाल गडद, अशी सोयही करून टाकली. मग डॅशबोर्ड उघडला. स्वतःचे अकरा लाल दिसले आणि जीव कळवळला. मग नजर खाली दीपेशच्या नऊवर गेली. तो लाल चांगलाच गडद होता.

परेशने आत हाक मारली. "पूर्वी, चहा टाक गं. आणि पप्पांना फोन लावून दे."

"अरे, काय सांगणार त्यांना?"

"सांगतो, दीपेश माझ्या खाली आहे म्हणून."