कोठीतला लॅपटॉप

हे मी लिहिणार नव्हतो. मिनलनं वही समोर ठेवली, पेन हातात कोंबला आणि म्हणाली, "सगळं लिहून काढा नानाजी, मग बोलते तुमच्याशी." मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. साठ वर्षांत सहीच्या वर काही लिहिलं नाही. पण पोट्टी तीन दिवस बोलली नाही, आणि तिची आजी बोलत असूनही न बोलल्यासारखी बोलून राहिली होती, म्हणून लिहितो. एक मात्र आहे. 'मी असं केलं, मी तसं केलं' लिहायची मला लाज वाटते. म्हणून या माणसाला मी इथं नानाजी म्हणतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचं लफडं वाटेल. (घरात मला नानाजीच म्हणतात. पण वाचणाऱ्याला काय माहीत.)

तर नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळीत, वरच्या मजल्यावर नानाजी नावाचा एक म्हातारा राहतो. बायको गोपिका. पोरीची पोरगी मिनल कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहते, तिचे आईबाप कन्हानला. मिनलचं शेवटचं वर्ष. आठ महिने दर रविवारी ती कन्हान नदीचं पाणी बाटल्यांत भरून आणायची, तपासायची, आणि त्यात काय काय घाण आहे ते लॅपटॉपमध्ये लिहायची. सोमवारी अकरा वाजता ते सगळं सरांपुढे मांडायचं होतं. नाही मांडलं तर वर्ष गेलं.

शनिवारी सकाळी मैत्रिणीकडे जाताना ती म्हणाली, "नानाजी, कूलर बादलीनं भरा बरं. पाईप लावू नका, तो निसटते."

एवढं बोलली नसती तर नानाजींनी बादलीच घेतली असती. पण पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला आता पाईप कसा धरायचा ते पोट्टी शिकवणार काय? त्यांनी पाईप नळाला लावला, दुसरं टोक कूलरच्या टाकीत सोडलं आणि गॅलरीत जाऊन बोळीपलीकडच्या गॅलरीतल्या रुपरावशी भांडत बसले. (विषय संत्र्यांचा होता. कोण बरोबर होतं ते आता सोडा. मी होतो.)

परत आले तर पाईप टाकीतून निसटून अंगात आल्यासारखा डोलत होता, आणि खाली टेबलावर लॅपटॉपची आंघोळ चालली होती.

नानाजींनी नळ बंद केला, लॅपटॉपचं बटण बंद केलं, त्याची वायर उपटली. (दिवसभरात एवढंच शहाणपणाचं काम झालं, ते लिहून ठेवतो.) खांद्यावरच्या दुपट्ट्यानं लॅपटॉप पुसला, उलटा केला. चमचा-दोन चमचे पाणी गळालं. इथंच थांबले असते तर ही वही कोरी राहिली असती. पण लवकर वाळावा म्हणून त्यांनी तो कूलरसमोर धरला. कूलर फुल स्पीडवर, पाव तास. कूलरची हवा ओली असते हे नागपुरात दुधपित्या लेकरालाही माहीत आहे. नानाजींच्या ध्यानात आलं तेव्हा लॅपटॉपवर आणि त्यांच्या चष्म्यावर सारखेच थेंब जमले होते.

रुपराव समोरून पाहतच होता. बोळीत कोणाकडे काय शिजलं ते हा माणूस वासावरून सांगतो.

"काय गा नानाजी, त्याले हवा खाऊ घालून राहिला काय?"

"तुले काय करायचं बे?"

"ओला झाला दिसते. माह्या जावयाचा मोबाईल पाण्यात पडला होता. दोन दिवस तांदळात गाडून ठेवला, टकाटक चालू झाला."

रुपराव पुढंही काही बोलला, पण तोवर नानाजी स्वैपाकघरात पोचले होते. गोपिका गच्चीवर पापड वाळत घालत होती. कोपऱ्यात टिनाची कोठी, तीत मौद्याहून आणलेले वर्षाचे तांदूळ. नानाजींनी कोपरापर्यंत हात घालून खड्डा केला, लॅपटॉप उघडून आडवा निजवला आणि वरून तांदूळ लोटले. हात जरा चिकट लागले. घाम समजून त्यांनी ते दुपट्ट्याला पुसले.

दहा वाजता मिनल आली.

"नानाजी, माझा लॅपटॉप कुठं आहे?"

"मले काय माहीत."

"टेबलावर होता ना."

"तुझी आजी सकाळपासून आवरून राहिली होती. तिले विचार."

(हे वाक्य मी तीनदा खोडलं. मिनलनं तीनदा परत लिहायला लावलं.)

मिनल आजीवर कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. गोपिका म्हणाली, "म्या तं हातबी नाही लावला वं," आणि तरी बिचारी शोधत फिरली. गाद्यांखाली पाहिलं, कपाटावर पाहिलं, पिठाच्या डब्यातही पाहिलं. नानाजी पेपर तोंडासमोर धरून बसले होते. (पेपर सुलटाच होता. चष्मा मात्र टेबलावर होता.) दोन तास झाले तशी मिनल भिंतीला टेकून रडायला लागली. नानाजींनी मनातल्या मनात ठरवलं की सोमवारी सकाळी लॅपटॉप हळूच टेबलावर आणून ठेवायचा, वाळलेला, चालू, आणि म्हणायचं, हा काय इथंच तर होता. या घरात दुपारी भात लागतो, आणि तो नानाजींनाच लागतो, एवढं त्या ठरवण्यात बसलं नाही.

बाराला गोपिकानं कोठीत मापटं घातलं. टक्क आवाज आला.

तिनं हात घालून ओढलं तसा तांदूळ गाळत लॅपटॉप वर आला. मिनल दारातच उभी होती. गोपिकानं लॅपटॉपकडे पाहिलं, मग नानाजींच्या दुपट्ट्याकडे पाहिलं. दुपट्ट्यावर तेलाचे पंजे उमटले होते आणि त्यांवर तांदळाचे दाणे चिकटले होते.

"माह्या हातूनच गेला असन वं तिथं," ती मिनलला म्हणाली. "आवरता आवरता. वय झालं आता, ध्यानात राहत नाही." आणि पाठ वळवून तांदूळ धुवायला बसली.

नानाजींनी तोंड उघडलं. त्यातून निघालं ते एवढंच, "चला, सापडला तं."

गांधी गेटाजवळच्या बोळीत धम्मदीपचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिनल तिकडे निघाली, आणि नानाजी लॅपटॉप धरायला म्हणून मागं मागं गेले. धम्मदीपनं स्क्रू काढले, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं.

"तांदळाले एरंडेल चोळलं होतं काय?"

चोळलं होतं. किडे होऊ नये म्हणून दरवर्षी चोळतात. आणि गेल्या आठवड्यात दोन दिवस मांडी घालून ते कोणी चोळलं होतं, तर नानाजींनी.

"पाणी तं वरच्यावरच होतं, आजोबा," धम्मदीप म्हणाला. "उलटा करून दोन दिवस पंख्याखाली ठेवला असता, सुकून गेला असता. हे तेल आत गेलं, त्याच्यावर तांदूळ बसले. कोणाले याचं पोट साफ करायचं होतं काय?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. तिघंही हसली.

मिनल खाली मान घालून म्हणाली, "आजीनं ठेवला. तिला नाही समजत यातलं."

आता नानाजी नानाजी करण्यात काही अर्थ नाही. तो मीच होतो.

"म्या ठेवला," मी म्हणालो. "पाईपबी म्याच लावला. तुझी आजी खोटं बोलली. माह्यासाठी."

कोणी हसलं नाही. मिनलनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे ते तीन दिवस तिथंच सुरू झाले.

धम्मदीपनं आतली डिस्क काढली, पुसली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. कन्हान नदीची आठ महिन्यांची घाण जशीच्या तशी पडद्यावर आली. घाण पाहून मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. सोमवारी मिनलनं ती सरांपुढे मांडली आणि पास झाली. लॅपटॉपही चालतो आता. गरम झाला की एरंडेलाचा वास मारतो, आणि तिरपा केला तर एक दाणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो.

मिनलची माफी मी दुकानातच मागितली. गोपिकाची घरी येऊन मागितली, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "आधी कोठीतले तांदूळ चाळा. काही पडलं असन त्याच्यात." सगळी कोठी चाळली. चाळणीत लॅपटॉपच्या बटणावरचं इंग्रजीचं एक अक्षर निघालं. कोणतं ते मला वाचता आलं नाही.

आता एक माफी राहिली आहे, आणि ती मला यायची आहे. तांदळात घाल हे ज्यानं सांगितलं त्याची. तो म्हणतो, "म्या मागून ओरडलो होतो, बिनतेलाचे तांदूळ घे म्हणून. तूच आत पळाला." मी ऐकलं नाही, म्हणजे तो पुरेसा ओरडला नाही. इतर वेळी त्याचा आवाज गांधी गेटापर्यंत जातो. त्याची बायको म्हणते तिनं ऐकलं. खालचा वाणी म्हणतो त्यानंही ऐकलं. म्हणू द्या. मी रोज संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून वाट पाहतो, आणि समोर तोही खुर्ची टाकून बसतो आणि विचारतो, चाळून झाले काय तांदूळ. कोणाला त्याला समजवायचं असेल तर पत्ता लिहून ठेवतो: हिरवी गॅलरी, वरचा मजला, रुपराव पौनीकर.