व्हॉल्व्हची ऊब

मी एकदा निश्चय केला की तो मोडत नाही. (आजवर माझे जे निश्चय मोडले, ते माझ्या बायकोने, जयमालाने मोडले, त्यात माझा हात नाही.) हा निश्चय मात्र मी बेलापुरात साडूच्या सोफ्यावर बसून, चहाच्या दोन घोटांच्या मध्ये केला.

साडू चेतन यांनी नवी जपानी सिस्टीम आणली होती. रिमोटचं बटण दाबलं की तांबडे-हिरवे दिवे नाचायचे आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. "हजार वॅट!" ते ओरडून सांगत होते. मी जयमालाच्या कानाशी लागून म्हणालो, "आवाज मोठा आहे, पण गोड नाही." माझं दुर्दैव असं, की नेमकी त्याच क्षणी कॅसेट संपली. माझं मत सगळ्या घराने ऐकलं.

"मंग गोड कसा असतोय, दाव की येकदा!" साडू म्हणाले.

"दाखवतो," मी म्हणालो. चहा तिथेच गार झाला.

आता हे मी उगाच बोललो नव्हतो. लहानपणी जयंतीच्या मंडपात मी कायम स्पीकरवाल्याच्या टेबलाखाली बसलेला असायचो. त्याच्या त्या जुन्या मशीनमध्ये काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल व्हायचे, आणि भीमगीत म्हणणाऱ्या बाईंचा आवाज असा यायचा, की जणू त्या माझ्याच शेजारी मांडी घालून बसल्यात. माझ्या वडिलांनी जपलेल्या त्याच बाईंच्या तबकड्या घरात होत्या, पण तो आवाज पुन्हा कधी ऐकला नव्हता. तो मला हवा होता. साडूला दाखवणं हे निमित्त.

"आपल्या घरात काय हाय दावायला?" परतताना एस.टी.त जयमालाने विचारलं. "रेडू हाय, त्यो बी चापट मारल्याबिगर बोलत न्हाई."

पुण्यातल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडून मी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बनवून घेतला, जोडीला जुना रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकरची दोन खोकी. (किंमत विचारू नका. जयमालालाही मी खरी सांगितलेली नाही.) अँप्लिफायरला मागच्या बाजूला असा जाडजूड ट्रान्सफॉर्मर, की मांडीवर घेऊन बसलो आणि मिरजगावला गाडी चहाला थांबली, तर मला पायच सापडेनात. तसाच बसून राहिलो आणि आमच्या जामखेडला उतरलो.

"शेगडी आनली का?" जयमाला म्हणाली.

मी तिला व्हॉल्व्हचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने शिलाई मशीनच्या जागेचं महत्त्व समजावून सांगितलं, कारण शिलाई मशीन मी कॉटखाली ढकललं होतं. शेवटी तिने निकाल दिला. "रविवारी दाजी अन् ताई यायचेत. दाजी चांगलं म्हनले तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर जिथनं आनलं तिथं नेऊन घाला. आधीच या थंडीत दही लागंना म्हनून माझा जीव मेटाकुटीला आलाय, त्यात तुमची ही शेगडी."

त्या आठवड्यात मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. स्टॅबिलायझर बसवला. खोलीत टाळ्या वाजवत, आवाज कुठे घुमतो ते ऐकत फिरून खोक्यांची जागा ठरवली. आणि त्यातच मला एक शोध लागला. पंचायत समितीतून संध्याकाळी घरी आलो, की सकाळी बंद केलेला अँप्लिफायर गरम असायचा! रोज! मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, "खरा व्हॉल्व्ह दिवसभर ऊब धरून ठेवतो. जपानी मालात हे नाही." आमच्या हेडक्लार्कनी तर पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

रविवार उजाडला. स्टँडवर साडूंना घ्यायला निघण्याआधी मी मशीन सुरू केलं. "तापल्याशिवाय गोडी येत नाही. कुणीही हात लावायचा नाही!"

"मी कशाला लावू?" जयमाला म्हणाली. इतकी पटकन कबूल झाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गाडीला उशीर झाला. साडू-मेव्हणीला घेऊन घरी आलो, तर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर माझी माकडटोपी. टोपीच्या आत पातेलं. शेजारच्या झुंबरबाई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्यामागे छबूबाई मडकं घेऊन.

"भाऊ, आमचा लंबर कवा लागायचा?" झुंबरबाईंनी विचारलं.

"जयमाला! मी सांगितलं होतं, हात लावायचा नाही!"

"मशीनला कुठं लावलाय? नुसतं दही लावलंय."

"आणि हे रोज चालतं?"

"तुमी हापिसात गेलं की चालू करती, यायच्या आधी बंद करती. लई झ्याक ऊब हाय."

माझा शोध असा जागीच मेला. आता हेडक्लार्कना काय सांगायचं? मी पातेल्याला हात घातला, तर तिघी बायका एकदमच ओरडल्या, "हलवू नका! आत्ता कुठं बसतंय!"

"मग मी रेकॉर्ड कशी लावू?"

"लावा की. पन बारीक. खोलीला हादरा बसला तर दही फुटंल."

म्हणजे हजार वॅटच्या विरुद्धची माझी लढाई कुजबुजीत लढायची होती. पण निश्चय तो निश्चय. डोक्यावर माकडटोपी असलेल्या अँप्लिफायरवर मी वडिलांची तबकडी लावली. दह्यासाठी सगळे श्वास रोखून बसलेले. आणि त्या शांततेत बाईंनी कडव्याआधी घेतलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला. तोच मंडप, तेच टेबल. माझे डोळे भरून आले; लपवले नाहीत. साडूंकडे पाहिलं, तर तेही डोळे मिटून तल्लीन झालेले. जिंकलो!

मग साडू घोरले.

जागे झाल्यावर म्हणाले, "आवाज व्हय? ऐकला की. बारीक हाय."

जयमाला कॉटखालच्या शिलाई मशीनकडे बघत होती. मी मनातल्या मनात ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला आणि पुण्याचं तिकीट काढलं.

जेवायला बसलो. जयमालाने पातेलं उतरवलं. दह्यात चमचा रोवला, तो उभाच राहिला. साडूंनी वाटी संपवली, पुढे केली, पुन्हा संपवली. "जयमाला, घरी म्हशी असून असलं घट्ट कवडीचं दही मी खाल्लं न्हाई."

"बघा," मेव्हणी अश्विनी त्यांच्यावर घसरली, "तुमच्या हजार वॅटावर दुधाला साय तरी धरती का? नुसते दिवे नाचत्यात!"

साडूंनी वाटी पुन्हा पुढे केली. जयमालाने वाढता वाढता जाहीर केलं, "मशीन कुठं बी जायचं न्हाई. शिलाई कॉटवर बसून करीन मी."

हा माझा विजय होता, असं मी धरून चाललो आहे. अँप्लिफायर घरातच आहे. दिवसा झुंबरबाईंचं, छबूबाईंचं, संध्याकाळी आमचं, असे नंबर लागतात. मला मात्र एक दिवस तबकडी मोकळ्या आवाजात ऐकायचीच आहे. तोही निश्चयच.

परवा संध्याकाळी धीर केला. तबकडी लावली, व्हॉल्व्ह लाल झाले, बाईंनी श्वास घेतला आणि मी बटण केसभर पुढे सरकवलं.

स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, आवाज बंद करा! मशीन चालू ऱ्हाऊ द्या!"