देवयानीबाईंची सात रस्त्यावरील गणितस्वारी

ग्रामदैवत सिद्धेश्वरास दंडवत घालोन खरें तेंच लिहितों, पदरचें मीठ चवीपुरतें. जुळे सोलापूर मुक्कामीं, दुसऱ्या मजल्यावर, बँकेचे अंमलदार राजश्री सुबोधराव आणि त्यांचा कबिला चेतनाबाईसाहेब नांदत असतां, कन्या देवयानीबाई, उमर वर्षें नऊ, इयत्ता चौथी, यांनीं सातवीचें गणित फस्त केलें. मग शाळेंतून हुकूम सुटला कीं, पुढचें बोलूं नये, गप बसावें. पोर गप बसली. ती घरींही बोलेना, आणि मातुःश्रींचे काळजांत चर्र जाहलें.

मग मसलत भरली. सुबोधरावांनीं ऑनलाइन क्लासाचा पक्ष धरिला कीं, ऊन नाहीं, ट्रॅफिक नाहीं, पोर पंख्याखालीं. आठ दिवस टॅबलेटवर मोहीम चालली. बाईंनीं प्रश्न विचारावा आणि पडद्यानें तारे उडवोन शाबास म्हणावें, उत्तर मात्र देऊं नये. नवव्या दिवशीं बाईंनीं टॅबलेट पालथा घातला. यावर चेतनाबाईसाहेबांचें फर्मान जाहलें कीं, बास झालें कौतुक, पोरीस भांडायला माणूस पाहिजे, आदितवारीं सात रस्त्यावरचा गणिताचा क्लास गांठावा. सुबोधरावांची काय बिशाद!

मग आदितवारीं सकाळीं तिघेही एका स्कूटरवर दरकूच निघोन, दोन सिग्नल, एक खड्डा आणि तीन आडव्या रिक्षा पार करोन, निवृत्त मास्तर मल्लप्पा यांचे क्लासांत दाखल जाहले. तेथील मुलें आठवीचीं, थोराड. आमच्या बाईंचे पाय बाकावरोन भुईस टेकेनात. मास्तरांचा रिवाज ऐसा कीं, रोज फळ्यावर एक धडधडीत खोटें लिहावें आणि जो पकडील त्याचे हातीं खडू द्यावा. सुबोधरावांस हें कोठून ठाऊक? त्या दिवशीं लिहिलें कीं, विभाजक जोडीजोडीनें येतात, सबब कोणत्याही संख्येचे विभाजक मोजावे तर सम संख्याच भरते. हें वाचोन मागल्या बाकावरोन खासे सुबोधराव मान डोलवीत "बरोबर, बरोबर" वदले. अरेरे! घरचाच सरदार गनिमास मिळाला.

चेतनाबाईसाहेबांनीं ओढणीचें टोक चुरगाळिलें, आणि मग पुढील बाकावरोन बारीक आवाज आला.

"छत्तीसला नऊ आहेत. सहाची जोडी सहाच, तो एकदाच मोजायचा. बाबा चुकले. तुम्हीपण."

"चुकलो की!" मास्तर खुशीनें वदले. "ये, खडू घे. असं अजून कुठं होतंय, सांग बघू."

मग बाईंनीं टाचा उंचावोन अर्धा फळा भरला, मास्तरांशीं दोनदां हुज्जत घातली, आणि कोणीही गप बस म्हणालें नाहीं.

परतीचे वाटेस बाई सात रस्त्यापासोन जुळे सोलापूरपर्यंत अखंड बोलत होत्या, सुबोधरावांस हूं म्हणण्याचीही फुरसत मिळाली नाहीं, आणि मागें बसलेल्या चेतनाबाईसाहेब हेल्मेटाआड खुशाल रडत होत्या. येणेंप्रमाणें फत्ते जाहली. गप बसण्याचा हुकूम त्या दिवसापासोन रद्द समजावा.