मधुकररावांच्या स्टिरिओतला छुपा दोष

मांडी घाला, बाळांनो. मोबाइल खाली ठेवा. बरं, नका ठेवू. निदान ऐकल्यासारखं करा.

एका जंगलात मधुकरराव अस्वल राहत होते. मध खात्यात छत्तीस वर्षं खुर्ची उबवून ते निवृत्त झाले. त्या जंगलात निवृत्त झालं की शाल मिळायची, नारळ मिळायचा आणि पुढच्या रविवारपासून कराओके सुरू व्हायचं.

ज्येष्ठ प्राणी संघात सगळेच गायचे. तरस गायचा, रानडुक्कर गायचं, गवा तर दोन कडवी जास्तच गायचा. एकाचं संपलं की बाकीचे म्हणायचे, "वा! इतकी वर्षं हा गळा लपवला कुठे होता?" कारण पुढची पाळी त्यांची असायची.

मधुकररावांनी आपलं गाणं पेनड्राइव्हवर भरून घेतलं आणि घरच्या स्टिरिओवर लावलं. हा स्टिरिओ खरं तर त्यांच्या बायकोचा, कुमुदबाईंचा. रोज दुपारी मोहाची फुलं निवडताना त्या कोकिळाबाईंची गाणी ऐकत. सगळ्या दिवसात त्यांचं स्वतःचं असं तेवढंच.

मधुकररावांचं गाणं सुरू झालं. वळचणीची पाल खाली पडली.

"हे असं काय ऐकू येतंय?" मधुकरराव म्हणाले. "संघात तर सगळे वाहवा करत होते."

कुमुदबाईंना खरं सांगता आलं असतं. पण संध्याकाळी त्यांना त्याच घरात राहायचं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, सेटमध्येच काहीतरी छुपा दोष असेल."

किती समजूतदार बाई! पुढे काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी साळिंदर मिस्त्री आला. त्याने वायरी हलवून पाहिल्या. डावा स्पीकर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. मग कोकिळाबाईंचं गाणं लावलं. घर कसं भरून गेलं. कुमुदबाईंचे हात फुलांतच थांबले. मग त्याने मधुकररावांचं गाणं लावलं आणि लगेच बंद केलं.

"साहेब, सेट ठणठणीत आहे. दोष अलीकडे आहे."

"अलीकडे म्हणजे? पेनड्राइव्हमध्ये?"

"त्याच्या अलीकडे."

"मग माइकमध्ये!"

"माइकच्याही अलीकडे, साहेब."

"माइकच्या अलीकडे तर मीच उभा होतो," मधुकरराव म्हणाले.

"तेवढंच तपासायचं राहिलंय," साळिंदर म्हणाला.

त्याला चहासुद्धा न देता घालवण्यात आलं. संघात ठराव झाला, की साळिंदराला स्टिरिओतलं काही कळत नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. उगाच नाही, गाणारे तर सगळेच होते.

मग तज्ज्ञ म्हणून कोल्हेसाहेब आले. त्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं. त्यांनी स्टिरिओकडे पाहिलंही नाही. आधी मधुकररावांचं गाणं डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"साहेब, या सेटला तुमचा आवाज पेलत नाही."

"मी म्हणत नव्हतो का! पण त्या मिस्त्रीला दोष सापडला नाही."

"सापडला तर तो छुपा कसला?" कोल्हेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पेचकस काढला.

कुमुदबाई पुढे झाल्या. "अहो, राहू द्या ना. मला चालतोय तसा."

"तूच म्हणालीस ना छुपा दोष आहे म्हणून?"

स्वतःच्याच पायावर मारलेली कुऱ्हाड मागे घेता येत नाही.

तीन दिवस खटपट चालली. चौथ्या दिवशी कोल्हेसाहेबांनी कोकिळाबाई लावल्या. पत्र्यावरून खडे घरंगळावेत तसा आवाज आला. मग मधुकरराव लावले. तोच पत्रा, तेच खडे.

"ऐकलंस?" मधुकररावांचे डोळे पाणावले. "कोकिळाबाई आणि मी, तसूभर फरक नाही!"

पुढच्या महिन्यात संघाच्या प्रत्येक सभासदाने आपापला सेट कोल्हेसाहेबांकडून तपासून घेतला. जंगलात एकही चांगला स्टिरिओ उरला नाही. तक्रारही उरली नाही.

कुमुदबाई दुपारी फुलं निवडायचं सूप घेऊन नदीकाठच्या आंब्याखाली बसू लागल्या. तिथे कोकिळाबाई स्वतः गायच्या. कुमुदबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि पुष्कळ रडायच्या.

एका दुपारी मधुकरराव त्यांना शोधत आले. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ कान देऊन ऐकलं.

"ही असं काय गाते?" ते काळजीने म्हणाले. "आपल्या सेटवर अशी येत नाही. हिच्या गळ्यात छुपा दोष आहे. कोल्हेसाहेबांना दाखवायला हवं."

कुमुदबाईंनी तोंड उघडलं. मग सवयीप्रमाणे मिटलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हेसाहेब शिडी घेऊन आले. तेव्हापासून आंबा गप्प आहे.

तात्पर्य : दोष आपल्यात निघाला तर घाबरू नये. तो सगळ्यांना सारखा वाटून द्यावा. मग त्याला दोष म्हणत नाहीत, दर्जा म्हणतात. आणि घरात कुणी गाऊ लागलं, तर समजूतदार माणसाने आपला स्टिरिओ आधी माहेरी नेऊन ठेवावा.