परातेंची कँडी

निहार आणि ईरा,

गेल्या रविवारी फोनवर निहार फार तडकला होता. त्याने चुटकीसरशी केलेलं काम एका बाईने परत पाठवलं आणि आता तो तिला चांगलं खरमरीत उत्तर लिहिणार आहे. निहार, ते लिहिण्याआधी हे वाच. ईरा, तूही वाच, कारण समोरच्या फ्लॅटमधले पराते तुला फक्त कुलपं ओढणारे आजोबा म्हणून आठवत असतील.

ते अजूनही ओढतात. जिना उतरताना वाटेतल्या प्रत्येक बंद दाराच्या कुलपाला एक हिसका देतात. मागे खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरीण भाजी घेऊन परतली, तर एक उंच म्हातारा तिच्या दाराशी झटापट करत होता. ती ओरडली. पराते शांतपणे वळून म्हणाले, "बाई, कुलूप हलकं हाय तुमचं. बदलवून टाका." आणि खाली निघून गेले. यांचं स्वतःचं दार मात्र सताड उघडं. दुपारी त्यांच्या कूलरच्या वाऱ्यात गल्लीतली मांजरं झोपलेली असतात.

पराते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. बायको गेल्यावर माणसं देवाला लागतात, हे 'यस'ला लागले.

ईरासाठी सांगते, कारण मलाही हे निहारनेच समजावलं. कंपायलर म्हणजे दुभाषी. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राला कळेल असा करून देतो. पराते ज्याच्या मागे लागलेत तो कंपायलर कुणाच्या मालकीचा नाही. जगभरातले लोक फावल्या वेळात तो सांभाळतात आणि कुणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतो. त्याच्या माहितीपुस्तकात इंटरनेटवरच्या इतर पानांचे असंख्य पत्ते आहेत. जुन्या पत्त्यांच्या सुरुवातीच्या 'एचटीटीपी' या अक्षरांपुढे एस, म्हणजे परातेंचा 'यस', नाही. एस असला की वाटेत कुणी डोकावू शकत नाही. परातेंनी हे ऐकलं आणि त्यांना आयुष्याचं कार्य सापडलं. साऱ्या जगाची कुलपं ओढायला मिळाली!

"आज दोन यस लावले, मॅडम," असं ते मला दूध घेताना सांगतात. दुसरे लोक झाडं लावल्याचं सांगतात तसं.

नुसता एस लावून भागत नाही. पत्ता उघडून पलीकडे पान आहे ना ते पाहायचं, मग दुरुस्ती पाठवायची आणि सोबत इंग्रजीत एक ओळ लिहायची. ती ओळ तपासून घ्यायला ते माझ्याकडे येतात. एक ओळ! परातेंची ओळ अशी असते: 'रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू सबमिट वन एस फॉर युवर काइंड अप्रूव्हल. युवर्स फेथफुली, पी. पराते, नागपूर.'

"पराते, एका अक्षरासाठी भीक कशाला मागताय?"

"सरकारी कागद असाच राहते, मॅडम."

"हा सरकारी कागद नाही. आणि समोर मॅडमच आहे कशावरून?"

"हाय. मॅडमच हाय," असं म्हणून ते माझ्या चपलांच्या रॅककडे बघू लागले.

मी त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. दुरुस्त्या मंजूर करणाऱ्याचं नाव रोमन अक्षरांत होतं: के, ए, एन, डी, आय. स्पेलिंग वाकडं होतं, पण अमेरिकेत हल्ली मुलींची नावं अशीच वाकडी लिहितात हे मला ठाऊक आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई मी. मी वाचलं, कँडी.

मग काय विचारता! म्हातारा रोज अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसतो तो का, हे मला लख्ख कळलं. मी सोडलं नाही. "काय पराते, आज कँडी काय म्हणते?" सोसायटीच्या सभेत एकदा ते उशिरा आले, तर मी सर्वांसमक्ष म्हटलं, "त्यांना अमेरिकेहून मंजुरी यायची होती." लोक खो खो हसले. पराते पण हसले. एकदाही म्हणाले नाहीत की तुमचं चुकतंय.

कँडीची उत्तरं कोरडी असत: 'ठीक आहे. आभार.' तेवढंच ते मला मोठ्याने वाचायला लावत. एकदा परातेंनी घाईत पत्ताच चुकवला, तेव्हा तिने लिहिलं, 'घाई नाही. एकेक पाठवला तरी चालेल.' ते वाक्य पराते आठवडाभर घोळवत होते. "घाई नाही म्हणते न?"

शेवटी मी कंटाळले. निहारला सांगितलं, तो हसत सुटला. "आजी, छोटासा प्रोग्रॅम लिहिला की सगळे पत्ते एकदम बदलतात." म्हटलं, कर बाबा, सोडव मला त्या 'आय बेग टू सबमिट'मधून. त्याने केलं, पाठवलं आणि कँडीने ते परत केलं.

ही गंमत सांगायला मी समोर गेले. पराते टेबलावर चष्मा पुसत होते.

"पराते, तुमचं काम आमच्या निहारने उरकलं. सगळे एस एकदम लावले."

"सगळे?"

"एकूण एक."

ते उठले आणि पुन्हा बसले. चष्मा हातातच राहिला. "मंग," ते म्हणाले, "मी आता का लिहू तिले?"

मी घाईघाईने निहारला आलेलं कँडीचं उत्तर वाचून दाखवलं. "अहो, पण तुमच्या कँडीने घेतलंच नाही. लिहिते, मदतीबद्दल आभार, पण आमच्याकडे हे बदल एकेका पानाचेच घेतात. नागपूरचे एक जेंटलमन हे काम करत आहेत. त्यांना करू द्यावं."

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"जेंटलमन म्हणते? म्हणजे चांगलंच न, मॅडम?"

"चांगलंच."

पराते म्हणाले, "कँडी नाही, मॅडम. कांडी. उमरेडले आमच्या घरी माग होता. धागा गुंडाळाची ती कांडी राहते न, तशी काडीवानी होती माझी पोरगी लहानपणी. मी म्हणो तिले कांडी."

त्यांची मुलगी तुम्ही पाहिलेली नाही. माझ्याच वर्गात होती, किरकोळ अंगाची, कविता न अडखळता म्हणणारी. तिने जातीबाहेर लग्न केलं आणि परातेंनी तिचं नाव टाकलं, एवढं साऱ्या सोसायटीला माहीत होतं.

"लगन करून आली होती," पराते म्हणाले. "दोघंबी दारात उभे. मी आतून कडी लावून बसलो. तिची माय रडून राहिली होती, तरी नाही काढली."

"मग आता फोन का करत नाही तिला?"

"काहून करू? मी फोन केला अन् तिनं नाही उचलला त?" त्यांनी चष्मा चढवला. "हे ती उचलते."

निहार, तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे. एकेका पानाचेच बदल घ्यायचे, असा नियम त्या प्रकल्पात कुठेही नाही. तूच सारं धुंडाळून पाहिलंस. तो नियम तिने तुझं काम आलं त्या दिवशी केला. तू जे चुटकीसरशी केलंस ते तिलाही येतं. तिचा तर तो धंदाच आहे. तेव्हा खरमरीत उत्तर लिहू नकोस. 'बरं' एवढं लिही आणि गप्प बस.

पराते आज सकाळी पुन्हा ओळ घेऊन आले होते. इंग्रजी तसंच भयंकर आहे. मी फक्त स्पेलिंग सुधारलं, 'आय बेग टू सबमिट' राहू दिलं.

त्या पुस्तकात एस नसलेले पत्ते अजून पुष्कळ शिल्लक आहेत.