जड वाहतुकीस योग्य

नागभीडकडच्या आमच्या गावात तलावापासून बाजारापर्यंतची गल्ली पक्की झाली. खाली काँक्रीटचा थर, वर घडीव दगड. जड वाहतुकीस योग्य, असं प्रमाणपत्रही मिळालं. तराईसाठी, म्हणजे काँक्रीट पाणी पिऊन पक्कं व्हावं म्हणून, दगडांवर ओली पोती अंथरली होती, तोवर गाड्या बंद ठेवणं रास्तच होतं. पुढे पोती उचलली, उद्घाटन झालं आणि पहिल्याच बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेनं एका दगडावर ओरखडा उमटला.

वॉर्डाचे मेंबर भैयाजी त्या ओरखड्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले. दुसऱ्या दिवशी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी सिमेंटचे खांब उभे राहिले.

"वाहतुकीच्या रस्त्याचं वाहतुकीपासून संरक्षण," असा ठराव त्यांनी सभेत मांडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्या दगडांवर आम्ही धान वाळवलं, लग्नाचे मांडव टाकले, पाहुण्यांना चपला काढायला लावून रस्ता दाखवला.

एका दुपारी गल्लीतच राहणाऱ्या, मासे विकणाऱ्या गोकुळाबाईच्या सुनेला, साधनाला, कळा सुरू झाल्या. शफीभाईंचा ऑटो खांबापाशीच अडला.

"भैयाजी, एक खांब काढा नं. पोरगी तळमळून राह्यली," गोकुळाबाई म्हणाली.

"मले का समजत नाई, बाई? पण तुमच्यासाठी काढला तर उद्या सारेच मांगतील."

"मांगू द्या. गाड्यांसाठीच तं केला नं रस्ता?"

"गाड्यांसाठी केला, म्हणूनच जपा लागते."

साधनाचा नवरा, शफीभाई आणि शेजारच्या दोघांनी तिला खाटेवर घेतलं. कुणाचं धान तुडवू नये म्हणून त्यांना वळसे घालत चालावं लागलं. अशाच एका वळशात मुलगी जन्मली. मायलेकी सुखरूप राहिल्या, ही गोष्ट आम्ही रस्त्याच्या खात्यावर जमा केली.

गोकुळाबाईनं तक्रार केली. चंद्रपूरहून साहेब आले, जीप बाहेर ठेवून चालत आत आले. भैयाजी खाली बघत म्हणाले, "साहेब, चुकलंच माह्यं. काढून टाकू खांब."

साहेबांनी आम्हाला विचारलं, "काढायचे असतील त्यांनी हात वर करा."

गोकुळाबाईचा हात वर गेला, शफीभाईंचा गेला. आम्ही धान उलथत होतो, हात रिकामे नव्हते.

"बाई," आम्ही तिला समजावलं, "नात रांगाले लागन तवा कळन. पोरांले असा बिनगाडीचा रस्ता कुठी भेटते?"

खांब राहिले. रस्ता अजून नव्यासारखा आहे. तुम्हीही पाहायला या; तुमच्या घरी खास पाहुण्यांसाठी जपलेली, कधीच न वापरलेली कपबशी असेल, तर तुम्हाला तो नक्की आवडेल.