राजकन्येच्या स्थळाची छाननी

टिळकवाडीतल्या समतानं तीन महिने, लेकीच्या दुपारच्या झोपेत, लॅपटॉपवर एक राज्य उभं केलं होतं. गेम इतिहासातला. तिकडं ऐंशी वर्षं सरली, इकडं लेकीला चार दात आले. आता चाळीस हजारांची फौज राजधानीवर चालून येत होती, आणि लढाई लागली की हा गेम थांबवता येत नाही. बचावाचा मार्ग एकच: राजकन्येचं लग्न शेजारच्या राजाशी लावायचं, म्हणजे सोयरिकीखातर त्याचं सैन्य धावून येतं. काम एका क्लिकचं. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी ऋतिका आणि गिरिजा गेम शिकायला आल्या होत्या. पहिला धडा म्हणून ते क्लिक समतानं त्यांच्यावर सोपवलं.

“पोरगा करतो काय?” बँकेतल्या ऋतिकानं विचारलं.

“राजा आहे गं.”

“व्हय, पण पर्मनंट हाय काय?”

“मरेपर्यंत.”

प्राध्यापिका गिरिजानं वहीत रकाने आखले. शौर्य चौदा, मुत्सद्देगिरी नऊ. “शिक्षणाच्या जागी नुसतं ‘युद्धकला’ लिवलंय. म्हंजे डिग्री न्हाय!”

“आणि धाकटे भाऊ चार. किल्ल्याची वाटणी होणार बघ,” ऋतिकानं भर घातली.

सबब, सदर स्थळ नामंजूर करण्यात आलं. दुसऱ्या राजाची आई कारभारात लक्ष घालते, अशी गंभीर त्रुटी आढळली. तिसऱ्याचं राज्य कोरडवाहू निघालं. तेवढ्यात फौजेनं नदी ओलांडली.

“अगं, दाबा की कायतरी!” पाळण्याची दोरी ओढत समता कळवळली. “राजधानी जाईल माझी!”

“राजधानी परत मिळंल,” ऋतिका शांतपणे म्हणाली. “पोरीचं आयुष्य परत मिळतंय व्हय?”

चौथा मात्र निर्दोष. एकुलता, निर्व्यसनी, बारमाही पाणी, सासू आधीच स्वर्गवासी. समतानं सुस्कारा सोडला. जातिअंतावर शोधनिबंध लिहिलेल्या गिरिजाचं बोट माऊसवर टेकलं आणि थबकलं.

“ह्याची जात कुठं दिसते गं?”

“तसला रकानाच नाही.”

“आमी काय मानत न्हाय,” दोघी एका सुरात म्हणाल्या. “पण ठावं असलेलं बरं, न्हाय?”

शोधमोहीम सुरू झाली. वंशावळ उघडली, झेंडा मोठा करून पाहिला, राजाच्या ताटात काय वाढलंय तेही तपासलं. बघता बघता समताही पाळण्याची दोरी सोडून पडद्यावर वाकली. “थांबा, कुलदैवत बघूया.”

त्या नादात राजधानी पडली. पाळण्यात लेक उठून भोकाड पसरून रडत होती, ते तिघींपैकी कुणालाच ऐकू आलं नाही. जात काही सापडली नाही.

तुम्ही हसला असाल. हसा. पण या गोष्टीत तिघींपैकी एकीचंही आडनाव दिलेलं नाही, हे मघाशीच तुमच्या ध्यानात आलं होतं ना?